हिरवा ठिपका

सव्वाअकराला आठही जोड्या परत यायच्या होत्या. अकरा पंचवीस झाले तरी सातच आल्या होत्या, आणि तिसरीच्या बाई व्हरांड्याच्या खांबाला धरून त्या पुन्हा पुन्हा मोजत होत्या. मोजून सातच्या आठ होत नाहीत हे शाळेत शिकवणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको, पण माणूस घाबरला की असले खुळे हिशेब करतच राहतो.

आलेली चौदा मुलं फाटकाजवळ जिंकून आल्यासारखी ओरडत होती. प्रत्येकाच्या हातात तीन दुकानदारांच्या सह्यांचा कागद होता. चौथीचे सर यादीवर खुणा करत होते आणि अधूनमधून रस्त्याकडे बघत होते. अजून त्यांचा चेहरा हसरा होता.

"पाच नंबरची जोडी राहिली," ते म्हणाले. "पेन्सिल आणि शंका. कुठे गप्पा मारत बसल्या असतील. शंकाने बेकरीवाल्याला पाव कसा फुगतो ते विचारलं असणार, की झाली सुट्टी."

ही मुलींची टोपणनावं. पेन्सिल उंच, सडपातळ आणि अबोल; शंका बुटकी आणि तोंडाची टकळी कधी बंद नाही अशी. वर्गात दोघी एकाच बाकावर बसत. दोघी लांबच्या वसाहतीतून शाळेच्या गाडीने येत आणि गाडीनेच परत जात. शाळेच्या फाटकाबाहेरचा रस्ता त्यांनी गाडीच्या खिडकीतून जेवढा दिसतो तेवढाच पाहिलेला होता.

हे सगळं तिसरीच्या बाईंना ठाऊक होतं, कारण गेल्या वर्षी या दोघी त्यांच्याच वर्गात होत्या. त्यांना आणखीही एक गोष्ट ठाऊक होती, जी त्या व्हरांड्यात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती.

या शाळेचं सगळंच जरा जगावेगळं होतं. इथे अभ्यासक्रमाला अभ्यासक्रम म्हणत नसत, जिना म्हणत. शिक्षकांच्या खोलीत एक अख्खी भिंत भरून तो जिना रंगवलेला होता: खाली पहिली, वर चौथी, आणि मध्ये प्रत्येक विषयाच्या पायऱ्या. मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, तो स्वतः स्टुलावर चढून रंगवला होता. त्यांचा नियम एकच होता. एखादी पायरी मुलांना खरोखर आली, की त्या वर्गाच्या शिक्षकाने तिथे हिरवा ठिपका चिकटवायचा आणि खाली सही करायची. वरच्या वर्गाच्या शिक्षकाने ठिपका पाहायचा आणि पुढे जायचं. मागच्याला विचारायचं नाही, मुलांची पुन्हा परीक्षा घ्यायची नाही, तेच ते दळण दळायचं नाही. "एकमेकांवर विश्वास नसेल तर शाळा कशाला चालवायची?" असं मोठ्या बाई म्हणत, आणि त्या म्हणत तेव्हा ते इतकं खरं वाटे की कुणाला उलट बोलायचं सुचतच नसे. लांबलांबच्या शाळांचे लोक ती भिंत बघायला येत, फोटो काढून घेऊन जात.

त्या जिन्यावर दिशांच्या चार पायऱ्या होत्या. पहिलीत डावं-उजवं. दुसरीत शाळेच्या इमारतीचा नकाशा. तिसरीत शाळेभोवतालच्या रस्त्यांचा नकाशा काढायचा आणि चालताना तो फिरवून धरायला शिकायचं. चौथीत मुलं जोडीजोडीने बाहेर पडत. हातात नकाशा, नकाशावर लाल रेघेने आखलेली वाट, वाटेवर तीन ठिकाणं, तिथल्या माणसांच्या सह्या घेऊन पाऊण तासात परत. एक अट होती: वाटेत कुणालाही रस्ता विचारायचा नाही. नकाशालाच विचारायचं.

तिसरीच्या पायरीवर गेल्या वर्षीचा हिरवा ठिपका होता, खाली बाईंची सही होती, आणि तो ठिपका खोटा होता.

झालं असं होतं. नकाशा फिरवून धरण्याचा पाठ मैदानावर घ्यायचा असतो. चुन्याने रस्ते आखायचे, मुलांच्या हातात कागद द्यायचे आणि चालायला लावायचं. बाईंनी तो पाठ नीट तयार केला होता, फळ्यावर मांडलाही होता. पण मैदानावर पहिल्याच वळणाला त्या स्वतः चुकल्या. त्यांना नकाशा कधीच समजला नव्हता. लहानपणापासून कागद हातात घेतला की त्यांच्या डोक्याचा भोवरा व्हायचा. वरचं खाली, डावीकडचं उजवीकडे. आजवर त्यांनी हे झाकून नेलं होतं. नव्या ठिकाणी जायचं झालं की नवऱ्याला पुढे करायचं, नाहीतर रिक्षा करायची. त्या दिवशी मात्र सोळा मुलं बघत होती. बाई चुन्याच्या बेकरीऐवजी चुन्याच्या दवाखान्यात शिरल्या आणि मुलं खो-खो हसली. बाईही हसल्या. मग ऊन फार झालंय असं म्हणून त्यांनी सगळ्यांना वर्गात आणलं आणि पुढचे चार दिवस नकाशे रंगवून घेतले.

नकाशे मात्र देखणे झाले होते. दुकानांना लाल छपरं, झाडांना तीन छटांचा हिरवा. मोठ्या बाईंनी ते व्हरांड्यात टांगले आणि बाईंच्या पाठीवर थाप मारली. त्या थापेनंतर ठिपका न चिकटवणं फार अवघड होतं. पुढच्या वर्षी आपण सरांना हळूच सांगू, असं बाईंनी स्वतःला बजावलं. पुढचं वर्ष आलं, बाई आज सांगू उद्या सांगू करत राहिल्या, आणि आजचा दिवस उजाडला.

साडेअकराला सरांचा चेहरा बदलला. त्यांनी बेकरीत फोन लावला. बेकरीवाला म्हणाला, हो, आल्या होत्या, दोन पोरी, पावणेअकराच्या सुमाराला सही घेऊन गेल्या. कुठल्या बाजूला गेल्या ते काही त्याने बघितलं नव्हतं, दुकानात गिऱ्हाईक होतं. मग सरांनी दुसऱ्या ठिकाणी, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याला फोन लावला.

"सकाळपासून वाट बघतोय मी," म्हातारा म्हणाला. "माझ्याकडे कुणी नाही आलं."

बेकरीपासून घड्याळवाल्याचं दुकान दोन मिनिटांवर होतं. भर वस्तीतला रस्ता. त्या दोन मिनिटांत दोन मुली नाहीशा झाल्या होत्या.

त्यानंतर शाळेत जे झालं ते बाईंना पुढे तुकड्यातुकड्यांनीच आठवत राहिलं. मोठ्या बाई कचेरीतून बाहेर आल्या, त्यांच्या हातात चष्मा होता आणि तो त्या घालायला विसरल्या होत्या. वाटेतल्या कोपऱ्यांवर ज्या पालक आया उभ्या केल्या होत्या त्यांना फोन गेले. सगळ्या पश्चिमेच्या बाजूला उभ्या होत्या, कारण आठही वाटा पश्चिमेलाच जात होत्या. त्यांच्यापैकी एकीलाही पाच नंबरची जोडी दिसली नव्हती. कुणीतरी म्हणालं, मघाशी एक पांढरी मोटार फार वेळ उभी होती. बस्स, तेवढं पुरलं. ती मोटार हा हा म्हणता सगळ्यांच्या तोंडी झाली. मोठ्या बाईंनी पोलिसांना फोन लावला तेव्हा त्यांचा आवाज इतका शांत होता की ऐकणाऱ्यालाच धडकी भरावी.

"बेकरी ते घड्याळाचं दुकान," त्या सांगत होत्या. "तेवढ्याच पट्ट्यात. हो. प्रत्येक घर बघा. वय नऊ. दोघींचं नऊ."

तिसरीच्या बाई कचेरीच्या दाराशी उभ्या होत्या. आणि दाराशी उभ्या असतानाच त्यांना कळलं की मुली त्या पट्ट्यात नाहीत.

हे त्यांना हुशारीने कळलं नाही. कचेरीच्या भिंतीवर आठही वाटांचे नकाशे लावले होते; त्यांतला पाच नंबरचा त्यांनी बघितला, आणि ही वाट आपल्याला चालायला लावली असती तर आपण कुठे गेलो असतो, ते त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. शाळा कागदाच्या वरच्या बाजूला. फाटकातून निघालं की रस्ता कागदावर खाली उतरतो, बेकरीपर्यंत. बेकरीच्या कोपऱ्यावर लाल रेघ डावीकडे वळते. आपण काय केलं असतं? आपल्या डाव्या हाताला वळलो असतो. पण खाली उतरणाऱ्या माणसाचा डावा हात कागदाच्या डावीकडे नसतो, उलट्या बाजूला असतो. कागद फिरवून धरला तरच ते उमगतं. मुलींना फिरवायला कुणी शिकवलं नव्हतं. त्या पूर्वेला गेल्या होत्या.

पूर्वेला कोपऱ्यावर कुणी उभं केलं नव्हतं, कारण तिकडे कुणी जायचंच नव्हतं. पूर्वेला ट्रकांचा मोठा रस्ता होता. आणि त्या रस्त्यापलीकडे कालवा होता.

आता खरं तर बाईंनी तिथल्या तिथे ओरडायला हवं होतं. त्या ओरडल्या नाहीत. हे लिहायला बरं वाटत नाही, पण त्यांना आधी भीती वाटली ती स्वतःची. ठिपक्याची, सहीची, त्या व्हरांड्यातल्या थापेची. अकरा वर्षांची नोकरी. घरी सासूबाईंना अभिमानाने सांगितलेल्या गोष्टी. मुली आता येतीलही, असं त्यांच्या मनात आलं. आत्ता येतील, फाटकातून आत शिरतील, आणि मग कुणालाच काही सांगावं लागणार नाही. त्या फाटकाकडे बघत राहिल्या, आणि फाटकातून फक्त एक सायकलवाला गेला.

त्यात सहा मिनिटं गेली. कचेरीतल्या घड्याळाकडे त्या बघत होत्या, म्हणून त्यांना नेमकं ठाऊक आहे. ती सहा मिनिटं पुढे कुणी त्यांच्या तोंडावर फेकली नाहीत, कारण ती कुणाला माहीतच नव्हती. त्यांना माहीत होती, तेवढं पुष्कळ झालं.

मग सर आत आले. बिचारा तरुण मुलगा, दुसरंच वर्ष नोकरीचं. दारातच ते भिंतीला टेकले आणि म्हणाले, "मीच पाठवलं त्यांना. मी पाठवलं." हातातली यादी त्यांनी पार चुरगळून टाकली होती. बाईंनी ती यादी बघितली आणि त्यांच्याच्याने आणखी राहवलं नाही.

"सर, तुमची चूक नाही," त्या म्हणाल्या. "मोठ्या बाई, फोन ठेवू नका. त्यांना सांगा, पूर्वेकडे बघा. मोठ्या रस्त्याकडे."

"पूर्वेकडे?" मोठ्या बाईंनी फोनवर हात धरला. "पूर्वेकडे वाटच नाहीये."

"त्यांना नकाशा फिरवता येत नाही."

"येतो की. तुम्हीच तर..."

"नाही शिकवलं मी."

कचेरीत शिपाईकाका होते, दोन पालक आया होत्या, सर होते. सगळ्यांनी ऐकलं. आता बोलणं थांबवलं तर पुन्हा सुरू होणार नाही हे त्यांना कळत होतं.

"मलाच येत नाही तो. मैदानावर माझीच फजिती झाली आणि मी पाठ सोडून दिला. रंगवून घेतले नकाशे. ठिपका खोटा लावला. बाकीची मुलं इथलीच आहेत, त्यांना रस्ते पाठ आहेत, म्हणून ती परत आली. या दोघींना फक्त कागद माहीत आहे. त्या बेकरीपासून उलट्या बाजूला गेल्यात."

मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. त्या रागावल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एकदम दहा वर्षांनी म्हातारी झालेली बाई होती ती. फोनवरचा हात काढून त्या म्हणाल्या, "ऐका. पूर्वेला बघा. मोठा रस्ता आणि कालवा." मग फोन ठेवून त्यांनी विचारलं, "बेकरीच्या पुढे कुठे गेल्या असतील? नेमकं सांगा."

"मला चालावं लागेल," बाई म्हणाल्या. "नुसतं बघून नाही सांगता येणार. कागद घेऊन चालले तर सांगता येईल. मी चुकेन तिथेच त्या चुकल्या असतील."

सर दाराबाहेर पडलेसुद्धा होते. जाताना ते बाईंकडे न बघता एवढंच म्हणाले, "मी ठिपका पाहिला होता." त्यांची मोटारसायकल फाटकाबाहेर गेली.

बाई भिंतीवरचा नकाशा ओढून घेऊन निघाल्या. शिपाईकाका त्यांच्याबरोबर धावले. काकांचे गुडघे दुखतात, एरवी ते घंटा द्यायलासुद्धा कुरकुरत जातात. त्या दिवशी त्यांनी चकार शब्द काढला नाही.

बेकरी आली. कोपऱ्यावर बाई थांबल्या. डोकं चालवायचं नव्हतं. उलट, डोक्याला येत नव्हतं तेच करायचं होतं. रेघ डावीकडे. त्या डाव्या हाताला वळल्या.

"दुसऱ्या गल्लीपाशी घड्याळाचं दुकान दाखवलंय," त्या धापा टाकत म्हणाल्या.

दुसऱ्या गल्लीपाशी टायरचं दुकान होतं. बंद. दारावर कुलूप.

"त्यांना वाटलं असेल, दुकान बंद आहे," काका म्हणाले.

"हो. विचारायचं तर नाहीच कुणाला. मग पुढे." बाईंनी कागद बघितला. "इथून रेघ वर जाते."

खरं तर ती वर जाणारी रेघ शाळेकडे परत फिरणारी होती. घड्याळवाल्याकडून वाचनालय आणि वाचनालयाकडून फाटक. पण ज्याला कागद फिरवता येत नाही त्याच्या लेखी वर म्हणजे पुढे. नाकासमोर. बाईंनी मान वर केली. नाकासमोर ट्रकांचा रस्ता होता.

ट्रक एकामागून एक जात होते, मागचा पुढच्याला भोंगा देत होता, धुळीत पलीकडची बाजू मधूनच दिसत होती. दोन नऊ वर्षांच्या मुली, एकीच्या हातात कागद, आणि त्या कागदावर या रस्त्याचं नाव नाही, खूण नाही, काहीच नाही. बाईंनी आधी रस्त्यावर बघितलं. खाली, डांबरावर. आपण काय शोधतोय हे त्यांना कळलं आणि त्यांना भडभडून आलं.

"काही नाहीये," काका म्हणाले. तेही तेच शोधत होते. "बाई, काही नाहीये रस्त्यावर. चला. हात धरा माझा."

दोघं हात धरून रस्ता ओलांडून गेले. कुणीतरी ट्रकमधून शिवी हासडली.

पलीकडे कालव्याचा बांध होता. सरांची मोटारसायकल बांधावर आडवी पडलेली होती आणि सर डाव्या बाजूला पुलाकडे धावत, पाण्यात बघत, मुलींना हाका मारत होते. पुलापाशी पोरं पोहायला उतरतात, मागच्या साली एक बुडालाही होता. कुणीही आधी तिकडेच धावलं असतं. काकाही तिकडे वळले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "रेघ उजवीकडे जातेय."

"अहो, पूल डावीकडे आहे!"

"मला पुलाचं माहीत नाही. त्यांनाही माहीत नव्हतं. कागदावर उजवीकडे आहे." त्यांनी काकांची बाही धरली. "काका, माझं ऐका. या एका बाबतीत माझं ऐका."

त्या उजवीकडे निघाल्या. बांध अरुंद होता, बाभळीच्या काट्यांनी भरलेला. पाणी खाली काळपट, संथ. बाई एक डोळा कागदावर आणि एक पाण्यावर ठेवून चालत होत्या. शंभर पावलं गेल्यावर त्यांना उतारावर एक चप्पल दिसली. लहान, निळी. पाण्यापासून दोन हातांवर.

काकांनाही दिसली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

बाई बसल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्या उतारावरून घसरत खाली गेल्या, चप्पल उचलली आणि पाण्याकडे बघत राहिल्या. पाण्यात काही नव्हतं. पाण्यात काही नाही याचा अर्थ काय होतो, चांगला की वाईट, हे त्यांना ठरवता येईना. पाण्यात उतरावं असं वाटलं. पोहता येत नाही हेही तेव्हाच आठवलं. मग कुठूनतरी, अगदी स्पष्ट, वर्गात ऐकू येतो तसा आवाज आला:

"बाई, ती पेन्सिलची आहे."

बांधावर पाण्याच्या पंपाची लहानशी खोली होती. तिच्या मागल्या सावलीत, पायरीवर, दोघी बसल्या होत्या. पेन्सिल गुडघ्यांत डोकं घालून. एक पाय अनवाणी, घोट्यापर्यंत चिखल. शंका ताठ, दोन्ही हातांनी नकाशा धरून. नकाशा ओला होता आणि त्याचे रंग एकमेकांत पसरले होते.

बाई वर कशा चढल्या कुणास ठाऊक. त्यांनी दोघींना पोटाशी धरलं आणि मग मात्र त्यांना हुंदका आवरेना. काका बांधावर उभं राहून पुलाच्या दिशेने ओरडत होते, "सापडल्या! सर, सापडल्या हो! धडधाकट आहेत!" आणि ओरडता ओरडता डोळे पुसत होते.

"नकाशा उडाला," शंका सांगत होती. बाईंच्या पदरात तोंड असल्यामुळे तिचे शब्द निम्मेच ऐकू येत होते. "वाऱ्याने उडाला आणि खाली गेला. मी म्हटलं राहू दे, पण पेन्सिल म्हणाली, नकाशा नसेल तर आपण विचारायचं कुणाला? म्हणून ती खाली उतरली. तिचा पाय घसरला. मी तिची वेणी धरून ओढली. जोरात ओढली, बाई. तिला दुखलं."

पेन्सिलने गुडघ्यांतलं डोकं वर केलं. "थोडंसंच," ती म्हणाली.

बाईंनी तिच्या पायाला चप्पल चढवायला घेतली. चिखलाने निसरडा झालेला अंगठा पट्ट्यात जाईना. शेवटी पेन्सिलनेच ती घातली.

"आणि आम्ही कुणालाच रस्ता विचारला नाही," शंका म्हणाली. हे सांगताना ती थोडी सावरून बसली. "एक काका विचारत होते, कुठे जायचंय म्हणून. आम्ही काहीच बोललो नाही. नियम पाळला. तरी वाचनालय आलं नाही." मग तिने ओला कागद मांडीवर सपाट केला, आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. "बाई, तुम्ही नकाशा बघायला शिकवलं ना, त्या दिवशी मी बहुतेक शाळेत आले नव्हते. मला आठवतच नाहीये. मी खूप आठवून बघितलं. पेन्सिलला पण नाही आठवत. आम्ही दोघी एकदमच आजारी पडलो असणार."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. ही पोर इथे, या पाण्याच्या काठावर, तास उलटून गेला तरी बसली होती आणि आपलं काय चुकलं ते शोधत होती. आपण कुठल्या दिवशी गैरहजर होतो ते आठवत होती.

हो म्हणणं किती सोपं होतं. हो गं, आली नव्हतीस तू, असू दे, होतं असं. मुलीने लगेच मानलं असतं, तिला हायसंही वाटलं असतं. कचेरीत मोठ्या माणसांपुढे बोलताना बाईंची जितकी भीतीने गाळण उडाली नव्हती, तितकी या नऊ वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांपुढे उडाली.

"तू आली होतीस," त्या म्हणाल्या. "दोघी आला होतात. मीच नाही शिकवलं. मला येत नव्हतं, आणि मी येतं असं सांगितलं."

शंकाने मांडीवरचा कागद दोन्ही हातांनी दाबून धरला. बांधावरून सर धावत येत होते, त्यांच्या पायांचा आवाज जवळ येत होता. पेन्सिलने हळूच शंकाचा हात धरला.

"पण आम्हाला वाटलं आम्हीच ढ आहोत," शंका म्हणाली.

मुलगी त्यांच्याकडे बघत होती, रागाने नव्हे, रडतही नव्हती. एखादं गणित पुन्हा पहिल्या ओळीपासून तपासावं तसं बघत होती. मग तिने विचारलं, "आणखी काय काय नाही शिकवलंत, बाई?"